टारफुला : ज्वारी व ऊस यांच्या मुळांवर जगणारे अर्धपरोपजीवी तण

ज्वारीच्या शेतात काही ठिकाणी एक विशेष प्रकार दृष्टीस पडतो. पाऊस वेळेवर झालेला असतो, जमिनीत ओल असते, कीड फारशी दिसत नाही. तरीही एखाद्या पट्ट्यातील ताटे खुजी राहतात, भर दुपारी पाणी तुटल्याप्रमाणे माना टाकतात आणि त्यांची पाने कडेने करपतात. शेतकरी यास जमिनीचा दोष मानतो अथवा बियाण्यास बोल लावतो. पुढे पंधरा दिवसांनी त्याच ताटांच्या बुडाशी वीतभर उंचीची, हिरवी, खरखरीत रोपे उगवून येतात व त्यांना नाजूक पांढरी फुले लागतात. हाच टारफुला होय.

हे तण दिसावयास लहान असले तरी त्याने केलेली हानी मोठी असते, आणि तिचा बराचसा भाग रोप जमिनीवर येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. टारफुल्याचा बंदोबस्त कठीण वाटतो याचे मूळ कारण हेच. म्हणून त्याचा स्वभाव नीट समजून घेणे हा बंदोबस्ताचा पहिला भाग समजावा.

अर्धपरोपजीवी म्हणजे काय ?

वनस्पतींमध्ये दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या काही जाती आहेत. अमरवेल शेतकऱ्याच्या परिचयाची आहे. तिला पाने नसतात आणि जमिनीशी तिचा संबंध उरत नाही. आपले बहुतेक सर्व अन्न ती आश्रयी झाडातूनच ओढून घेते. आंब्यावरील बांडगूळ याहून वेगळे आहे. त्याला हिरवी पाने असतात. ते पाणी व क्षार आंब्याच्या फांदीतून घेते. परंतु पानांच्या साहाय्याने सूर्यप्रकाशात थोडेफार अन्न स्वतः तयार करते. अशा वनस्पतींना अर्धपरोपजीवी म्हणतात.

टारफुला हा याच वर्गातील आहे. मात्र बांडगूळ फांदीवर वाढते, तर टारफुला मुळावर वाढतो. बांडगुळाची चोरी उघड्यावर चालते. टारफुल्याची चोरी मातीखाली चालते. त्याची पाने हिरवी असल्यामुळे तो इतर तणांसारखाच स्वतंत्र वाढत आहे असा समज होतो. वस्तुतः आश्रयी पिकाच्या मुळाशी जोडल्यावाचून त्याचे रोप काही दिवसांपलीकडे जगू शकत नाही.

ओळख

शास्त्रीय भाषेत या वंशास स्ट्रायगा असे नाव आहे. आपल्याकडे पिकांत आढळणाऱ्या मुख्य जाती तीन : स्ट्रायगा एशियाटिका, स्ट्रायगा डेन्सिफ्लोरा व स्ट्रायगा अँगुस्टिफोलिया. पूर्वी हा वंश नीरब्राह्मीच्या कुळात गणला जात असे. आता मुळांवर जगणाऱ्या परोपजीवी वनस्पतींच्या ओरोबँकेसी या कुळात त्याची गणना होते. तंबाखूच्या मुळांवर वाढणारा बंबाखूही याच कुळातील. परंतु त्याच्या अंगी हिरवा रंग मुळीच नसल्यामुळे तो पूर्ण परोपजीवी ठरतो.

टारफुल्याची ओळख पुढील लक्षणांवरून पटवावी.

(१) रोप ताठ असून साधारणपणे १५ ते ३० सेंटिमीटर उंच वाढते. खोड व पाने यांवर राठ लव असते व हाताला ती खरखरीत लागते.

(२) पाने अरुंद, लांबट व देठरहित असतात.

(३) फुले लहान असून पानांच्या बगलेत एकेक येतात. आपल्याकडे ती बहुधा पांढरी असतात. फुलाची नळी बारीक असून मध्यावर वाकलेली असते. ही नळीची वाक नीट पाहिल्यास ओळख चुकत नाही.

(४) रोप हलक्या हाताने उकरल्यास जमिनीखालील खोड पांढरे दिसते व त्यावर पानांऐवजी बारीक खवले असतात.

(५) उपटलेले रोप वाळल्यावर काळपट पडते.

तीन जातींतील भेद फुलाच्या खालच्या हिरव्या पेल्यावरील शिरांवरून कळतो. डेन्सिफ्लोरात त्या पाच, एशियाटिकात दहा व अँगुस्टिफोलियात पंधरा असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिघांचा बंदोबस्त एकच आहे.

आढळस्थान

टारफुल्याचे आश्रयी मुख्यतः तृणवर्गातील आहेत : ज्वारी, बाजरी, मका, ऊस, नाचणी, कोरडवाहू भात व काही रानगवते. हलक्या, कमी कसाच्या, नत्र कमी असलेल्या जमिनीत तो अधिक फोफावतो. पावसाचा ताण पडलेल्या वर्षी त्याचा उपद्रव वाढतो. सतत ओल धरून ठेवणाऱ्या व पाणी साचणाऱ्या जमिनीत तो सहसा टिकत नाही. एकाच शेतात वर्षानुवर्षे ज्वारीवर ज्वारी घेतली म्हणजे त्याचे बळ वाढत जाते.

महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत खरीप ज्वारीचे क्षेत्र बरेच घटले व त्या जागी सोयाबीन आणि कापूस आले. ही दोन्ही पिके टारफुल्याला आश्रय देत नाहीत. तथापि जेथे ज्वारी वा बाजरी पुनःपुन्हा घेतली जाते तेथे, आणि पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या भागात, हे तण आजही डोकेदुखी ठरते. लावणीमागून खोडवा अशा रीतीने ऊस त्याच रानात राहिला म्हणजे टारफुल्याला आश्रयी मुळे अखंड मिळत राहतात.

जीवनक्रम

टारफुल्याचे बी अतिशय बारीक असते. त्याची लांबी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी. तपकिरी धुळीत ते मिसळले तर डोळ्यांना वेगळे दिसत नाही. एका चांगल्या वाढलेल्या झाडापासून ५०,००० किंवा त्याहून अधिक बिया तयार होतात. ५०,००० हाच आकडा धरला आणि एका एकरात केवळ १०० झाडे बी धरीपर्यंत राहिली असे मानले, तरी ५० लाख बिया त्या जमिनीत पडतात. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १,२०० बिया! या बिया जमिनीत दहा वर्षे व अनुकूल स्थितीत त्याहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात.

असे असूनही टारफुल्याचे बी केवळ पाऊस पडला म्हणून उगवत नाही. प्रथम एक-दोन आठवडे ते उबदार ओलीत भिजून तयार व्हावे लागते. त्यानंतरही ते वाट पाहत राहते. आश्रयी पिकाचे मूळ काही मिलिमीटर अंतरावर आले आणि त्या मुळातून पाझरणारा विशिष्ट द्रव बियापर्यंत पोहोचला, की मगच त्यास मोड येतो. बियात शिदोरी अत्यल्प असल्यामुळे मोड आल्यापासून काही दिवसांतच त्यास मूळ गाठावे लागते. अन्यथा तो मरतो.

मोडाचे टोक पिकाच्या मुळास लागले म्हणजे ते फुगते व त्याचे शोषक अंग बनते. हे अंग मुळाची साल भेदून आतील रसवाहिन्यांशी जोडले जाते. येथून पुढे चार ते सात आठवडे टारफुला जमिनीखालीच वाढतो. या अवधीत त्याला प्रकाश मिळत नसल्याने त्याचे सर्व अन्नपाणी पिकाकडून येते. जमिनीवर आल्यावर पाने हिरवी होतात व ती काही अन्न तयार करू लागतात, तरीही पिकावरील भार सुटत नाही. टारफुल्याच्या पानांतून पाण्याचे बाष्पीभवन पिकाच्या पानांपेक्षा अधिक होते व त्या ओढीने पिकाचे पाणी त्याच्याकडे वाहत राहते. जमिनीवर आल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत फुले येतात व पुढील तीन-चार आठवड्यांत बी पक्व होऊन फुटते.

पिकाचे नुकसान केवळ अन्नपाणी गमावल्याने होते असेही नाही. चिकटलेला टारफुला लहान असतानाच पिकाच्या वाढीचा तोल बिघडतो, ताटे आखूड राहतात, कणीस लहान पडते व प्रकोप अधिक असल्यास ते बाहेरच पडत नाही. म्हणूनच दाणा व कडबा दोन्हींत घट येते.

मुळाची हाक

पिकाचे मूळ हा द्रव मुळात पाझरतेच का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडला होता. १९६६ साली अमेरिकेत कापसाच्या मुळांच्या स्रावातून टारफुल्याचे बी उगवविणारा एक पदार्थ वेगळा करण्यात आला. त्यास स्ट्रिगॉल असे नाव दिले गेले. त्याच्या जातीचे अनेक पदार्थ पुढे निरनिराळ्या वनस्पतींत सापडले. २००५ साली जपानमधील संशोधनातून त्यांचे खरे कार्य ध्यानी आले. जमिनीत काही उपकारक बुरशी असतात. त्या मुळांशी सख्य करतात व दूरवरचा स्फुरद आणून पिकास पुरवितात. मुळे या पदार्थांच्या योगे त्या बुरशींना हाक घालतात. हेच पदार्थ झाडाच्या फांद्या व फुटवे यांचेही नियमन करतात, असे २००८ साली सिद्ध झाले.

म्हणजे पीक हाक घालते ती मित्राला. टारफुल्याने ती चोरून ऐकण्याची विद्या साध्य केली आहे. यातून शेतकऱ्याच्या कामाची एक गोष्ट निघते. जमिनीत स्फुरद व नत्र कमी पडले म्हणजे उपाशी पिकाची मुळे ही हाक अधिक जोराने घालतात. हलक्या व उपाशी जमिनीत टारफुला का माजतो, आणि शेणखत व संतुलित खत दिलेल्या शेतात तो का घटतो, याचे एक कारण येथे सापडते.

बंदोबस्त

टारफुल्यावर एका वर्षात गुण देणारा एकही उपाय नाही. पुढील उपाय एकत्र व सलग काही वर्षे योजावे लागतात.

(१) बी धरू न देणे. हा सर्वांत महत्त्वाचा उपाय होय. टारफुला जमिनीवर दिसू लागल्यापासून दर दहा-पंधरा दिवसांनी शेतातून फेरी घालून, फुले येण्यापूर्वी अथवा निदान फुले येताच, रोपे उपटावीत. फुलावर आलेली रोपे बांधावर, वैरणीत वा उकिरड्यावर टाकू नयेत. उपटल्यावरही त्यांतील बी पक्व होऊ शकते व शेणखतावाटे पुन्हा शेतात येऊ शकते. ती गोळा करून जाळावीत. ज्वारी काढल्यावरही धसकटांच्या आसऱ्याने काही झाडे फुलत राहतात. म्हणून काढणीनंतर लगेच नांगरट करावी.

येथे एक गोष्ट शेतकऱ्यास स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे. रोपे उपटल्याने चालू हंगामातील उत्पन्न फारसे वाढत नाही, कारण हानी आधीच झालेली असते. मजुरी यंदा खर्ची पडते व लाभ पुढे मिळतो. हे आधी न सांगितल्यास पहिल्याच वर्षी शेतकऱ्याचा विश्वास उडतो व तो काम सोडून देतो. यंदाची निंदणी ही पुढील वर्षांच्या पिकाची राखण आहे, या समजुतीनेच ती केली पाहिजे.

(२) पिकांची फेरपालट. कापूस, भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल, चवळी यांच्या मुळांच्या स्रावाने टारफुल्याचे बी उगवते. परंतु त्या मुळांवर त्याची वाढ होऊ शकत नाही. फसलेला मोड उपाशी मरतो व जमिनीतील बियांचा साठा तेवढा घटतो. यांना सापळा पिके म्हणता येईल. जुना शेतकरी बेवड सांभाळतो. टारफुल्याच्या रानात तर बेवडाचे महत्त्व दुप्पट आहे. एका हंगामाने साठा संपत नाही. उपद्रव मोठा असल्यास दोन-तीन वर्षे ज्वारी, बाजरी, मका व ऊस त्या रानात घेऊ नयेत. या काळात शेतातील गवतवर्गीय तणे काढावीत, नाहीतर टारफुला त्यांवर जगून बी धरतो व फेरपालट वाया जाते.

(३) दाट पेरून गाडणे. पाण्याची सोय असल्यास सुदान गवत किंवा ज्वारी दाट पेरावी. तिच्या मुळांवर पुष्कळसा टारफुला उगवतो. पाच-सहा आठवड्यांच्या आत, टारफुला फुलण्यापूर्वी, ते सर्व पीक हिरवेच गाडावे. दिवस चुकल्यास मात्र लाभाऐवजी बियांची भर पडते.

(४) जमिनीचा कस. चांगले कुजलेले शेणखत द्यावे. माती परीक्षणानुसार नत्र व स्फुरद यांची मात्रा पुरी करावी. खताने टारफुला नाहीसा होत नाही. परंतु त्याचे प्रमाण घटते व पीक तग धरते.

(५) प्रतिकारक वाण. ज्वारीच्या काही वाणांची मुळे बी उगवविणारा स्राव कमी सोडतात. भारतातील एन-१३ हा जुना वाण तसेच हैदराबादजवळील इक्रिसॅट संस्थेने निवडलेला एस.ए.आर.-१ हा वाण टारफुल्यास विरोध करणारे म्हणून अभ्यासिले गेले. इथिओपियात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांना ज्वारीच्या अशाच संशोधनासाठी २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या भागास कोणता वाण योग्य, हे कृषि विद्यापीठाच्या चालू शिफारशीवरून ठरवावे.

(६) तणनाशक. २,४-डी हे तणनाशक जमिनीवर आलेल्या टारफुल्यास मारते. मात्रा व पिकाचे वय यांबाबत डब्याच्या लेबलावरील सूचना व चालू शिफारस पाळावी. ज्वारीत तुरीचे पाटे असल्यास अथवा शेजारी कापूस, द्राक्षे, भाजीपाला किंवा कडधान्ये असल्यास ते वापरू नये; वाऱ्याने गेलेल्या तुषारांनीही ती पिके बिघडतात.

(७) बियांचा प्रसार रोखणे. बाधित शेतातील पेरणीसाठीचे बियाणे, कडबा, अवजारांना चिकटलेली माती आणि वाहते पाणी यांवाटे टारफुला पसरतो. बाधित रानातील मशागत शेवटी करावी व अवजारे धुवूनच दुसऱ्या रानात न्यावीत.

चिकाटी ठेवल्यास काय साधते याची साक्ष इतर देशांत मिळते. अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलायना राज्यांत १९५६ साली मक्यावर टारफुला आढळला. पुढील वर्षापासून तेथे बंदी व निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. जमिनीत इथिलीन वायू सोडून पिकावाचूनच बी उगवविणे हाही त्या मोहिमेचा एक भाग होता. सुमारे पावणेदोन लाख हेक्टर बाधित क्षेत्रापैकी ९९ टक्क्यांहून अधिक क्षेत्र मुक्त झाले. परंतु त्यास कित्येक दशके लागली. आपल्या लहान शेतकऱ्यास अधिक जवळचे उदाहरण केनियाचे आहे. तेथे मक्याच्या ओळींत डेसमोडियम हे द्विदल चारापीक लावतात. त्याच्या मुळांचा स्राव टारफुल्याचे बी उगवितो व मोडास मक्याच्या मुळावर चिकटू देत नाही. जमिनीस नत्र मिळते आणि जनावरांस वैरणही होते.

अर्धपरोपजीवी वनस्पतींचे उपयोग

टारफुल्यापासून शेतकऱ्यास प्रत्यक्ष उपयोग नाही. त्याच्या अभ्यासातून मुळांच्या भाषेचे जे ज्ञान झाले, तोच त्याचा मोठा लाभ म्हणावा लागेल. तथापि या स्वभावाच्या सर्व वनस्पती शत्रू नव्हेत.

चंदन हे याचे उत्तम उदाहरण. चंदनाची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांतून पाणी व क्षार घेतात. चंदनाचे रोप एकटे लावल्यास ते खुरटते. म्हणून चंदनाच्या लागवडीत रोपाशेजारी प्रथम तूर व पुढे सुरूसारखे दीर्घकाळ टिकणारे आश्रयी झाड लावण्याची पद्धत आहे. इंग्लंडमधील कुरणांत यलो रॅटल नावाचे पिवळ्या फुलांचे अर्धपरोपजीवी रोपटे वाढते. पक्व झाल्यावर त्याच्या बोंडातील बिया खुळखुळ्याप्रमाणे वाजतात. ते गवताच्या मुळांवर जगून गवताचा जोर कमी करते व त्यामुळे इतर रानफुलांना जागा मिळते. जुनी फुलांची कुरणे पुन्हा उभी करण्यासाठी तेथे त्याचे बी मुद्दाम पेरतात. त्याचे बी जमिनीत फार काळ टिकत नाही, म्हणून त्यास आवरणे सोपे जाते. टारफुल्याचे बी वर्षानुवर्षे टिकते, येथेच दोघांतील मोठा भेद आहे.

कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

टारफुला मुळावर जगतो हे तोंडी सांगून पुष्कळदा पटत नाही. त्यासाठी बाधित शेतातील एक खुजे ताट बुडाच्या टारफुल्यासह मोठ्या ढेकळासकट खणून काढावे. ढेकूळ पाण्याने भरलेल्या घमेल्यात तासभर भिजू द्यावे व माती हलकेच धुवावी. मुळे ओढू नयेत. माती सुटली की टारफुल्याचे पांढरे खोड ज्वारीच्या मुळास जेथे चिकटले आहे ती गाठ स्पष्ट दिसते. जमिनीवर न आलेले लहान मोडही बहुधा आढळतात. ते मोजून दाखवावेत. जमिनीवर जितका टारफुला दिसतो त्याहून अधिक मातीत असतो, हे शेतकरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि उपदेशाची गरज कमी होते.

शिवारातील बाधित शेतांची नोंद गट क्रमांकानुसार ठेवावी. प्रत्येक शेतात मागील पाच वर्षांत कोणती पिके झाली हे त्यात लिहावे. एका शेतकऱ्याने टारफुला उपटला व शेजाऱ्याने तो फुलू दिला, तर वारा व पाणी बांध जुमानीत नाहीत. म्हणून उपटणीचे दिवस संपूर्ण शिवाराने मिळून ठरविणे हिताचे.

चर्चेसाठी प्रश्न

१. टारफुला हिरवा असूनही त्यास परोपजीवी का म्हणतात ?

२. पीक खुजे दिसू लागल्यावर तण उपटून त्या वर्षी फारसा लाभ का होत नाही ? तरीही ते का उपटावे ?

३. कापसाच्या रानात टारफुल्याचे बी उगवूनही कापसाचे नुकसान का होत नाही ?

४. आपल्या गावात ज्वारी, बाजरी अथवा ऊस सलग किती वर्षे एकाच रानात घेतला जातो ? त्यात कोणत्या पिकाची फेरपालट बसविता येईल ?

टारफुल्याचा साठा वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाने जमिनीत जमा होतो. तो वर्षानुवर्षांच्या दक्षतेनेच रिता होतो. या वर्षी एकही झाड बी धरणार नाही एवढा निश्चय गावाने केला, तर त्या दिवसापासून जमिनीतील ठेव वाढणे थांबते आणि उतार सुरू होतो.